शेगडीची ओळ

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की माझ्या पत्रकाची टिंगल सुरू होते. जपानात सेंदाई शहरात परदेशी संशोधकांसाठी ज्या निवासी इमारती आहेत, तिथे हिवाळ्याआधी घरोघर एक पिवळं पत्रक वाटतात. हिमवादळ आलं तर काय करावं आणि काय करू नये, याच्या बारा सूचना त्यात असतात. मराठी पत्रक मी लिहिलेलं आहे. त्यातली अकरावी सूचना अशी: 'बाळ-बाळंतिणीला शेक देण्यासाठी कोळशाची शेगडी पेटवू नका. दार उघडं ठेवूनही नको, बाल्कनीतही नको. पेटवूच नका.' कुणीतरी नवी आलेली मुलगी त्याचा फोटो काढते, ग्रुपवर टाकते आणि खाली लिहिते, 'हे कुठल्या शतकातलं आहे?' मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता टोकियोजवळ उरायासुला मुलाच्या शेजारच्या इमारतीत राहते, तरी तो फोटो फिरत फिरत माझ्या फोनवर येतोच.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलं आहे. गमती आहेत, दोन-चार सांगते. पण मला त्या अकराव्या ओळीपर्यंत जायचं आहे, आणि तिथे गंमत नाही.

मी सेंदाईला आले ती नवऱ्याच्या मागोमाग. तो धातूंवर संशोधन करायचा, मी घर, मुलगा आणि जपानी भाषेचा वर्ग सांभाळायचे. मोठा भूकंप झाला तेव्हा आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना भोंग्यावरून काय सांगताहेत तेच कळत नव्हतं. मी जिन्यात उभी राहून जमेल तसं हिंदीत, इंग्रजीत ओरडून सांगत होते. ते कुणीतरी लक्षात ठेवलं. पुढे व्यवस्थापनानं आपत्ती-सुरक्षेचं एक टेबल सुरू केलं आणि मला बोलावणं आलं. आधी आठवड्यातून तीन दिवस, मग रोज.

टेबलाचे प्रमुख होते सातो-सान. उंच, अबोल, डोंगरापलीकडच्या फार बर्फाच्या गावात वाढलेले. त्यांच्या लहानपणी हिवाळ्यात घराचं दार बर्फाखाली जायचं आणि माणसं वरच्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा करायची. ते हे अशा सुरात सांगत, की आपण पावसाळ्यात छत्री नेतो म्हणून सांगावं.

भूकंपासाठी सुरू झालेल्या त्या टेबलाचं खरं काम हिवाळ्यातच असायचं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. भूकंप सांगून येत नाही. हिमवादळ दोन दिवस आधी सांगून येतं, तरी माणसं त्यात सापडतात. आमचं काम त्या दोन दिवसांतलं. घरोघर जाऊन बघायचं: तीन दिवसांचं पाणी आहे का, बॅटरी आहे का, चुलीशिवाय खाता येईल असं काही आहे का, गाडीला बर्फाचे टायर लावले का. वीज गेली की गॅसचा गिझरही बंद पडतो, हे शंभरदा सांगायचं. आणि प्रत्यक्ष वादळात यादी घेऊन बसायचं, एकेका घरी फोन करायचा, 'सुखरूप आहात ना' विचारायचं आणि नावापुढे खूण करायची. ऐकायला सोपं आहे.

आपली माणसं हा एक स्वतंत्र विषय होता. एका पीएचडीच्या मुलीची आपत्कालीन पिशवी मी उघडून बघितली, तर आत भाजणीचं पीठ, लोणच्याच्या तीन बरण्या आणि कुकरची शिट्टी. मी म्हटलं, "अगं, वीज नाही, गॅस नाही, थालीपीठ लावणार कशावर?" ती म्हणाली, "काकू, आईनं भरलीय बॅग. मी नुसती चेन लावली."

दुसरे एक पुण्याचे प्राध्यापक, वर्षभराच्या पाहुणचारावर आलेले. कडाक्याची थंडी पडणार असेल तर रात्री झोपण्याआधी मुख्य कॉक बंद करून नळ उघडे सोडायचे, पाइपातलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर ते गोठतं आणि पाइप फुटतो, असं मी त्यांना समजावायला गेले. त्यांनी मला पाणी किती वेगानं थंड होतं याचं गणित कागदावर मांडून दाखवलं आणि म्हणाले, "आठ तासांत गोठणं शक्य नाही हो, मॅडम. तुम्हाला कुणीतरी घाबरवून ठेवलंय." सकाळी त्यांच्या न्हाणीघरात कारंजं होतं आणि खालच्या मजल्यावरच्या कोरियन बाई छत्री उघडून स्वयंपाक करत होत्या. गणित बरोबर होतं म्हणे, पाइपच उघड्या भिंतीतून गेलेला निघाला.

एक गोष्ट मात्र अभिमानाची आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बर्फात गाडी अडकली की लोक इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसतात. मागे बर्फ साचतो, धूर बाहेर पडायची नळी बुजते आणि विषारी वायू गाडीत शिरतो. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. हे मी इतक्यांदा, इतकं रंगवून सांगायचे की मुलं मला 'मोनॉक्साइड मावशी' म्हणायची. त्यातलाच एक नागपूरचा मुलगा घाटात चार तास अडकला. दर वीस मिनिटांनी उतरून नळीभोवतालचा बर्फ हातानं काढत राहिला आणि धड परत आला. आल्या आल्या माझ्याकडे पेढे घेऊन आला होता. म्हणजे त्या वायूची माझ्याइतकी माहिती असलेली मराठी बाई सबंध जपानात दुसरी नसावी. हे मुद्दाम सांगून ठेवते.

आता कल्याणीकडे येते. नावं मी बदलली आहेत.

कल्याणी आणि निखिल साताऱ्याकडचे. निखिल पोस्टडॉक, कल्याणी घरून एका कंपनीचं काम करायची. तिचे दिवस भरत आले तेव्हा तिची आई, मालतीताई, बाळंतपणासाठी आल्या. पासष्टीच्या, ठेंगण्या, कामाला वाघ. त्यांनी साड्यांच्या घड्यांत गुंडाळून एक लहानशी लोखंडी शेगडी आणली होती. नोव्हेंबरच्या अखेरीला मुलगी झाली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर रोजचा क्रम सुरू झाला: तेल, अंघोळ, मग शेक. कोळसा निखिलनं दुकानातून आणला, लोक नदीकाठी मांस भाजायला नेतात तो. बाल्कनीचं दार उघडं ठेवून उंबऱ्याशी शेगडी मांडायची, निखाऱ्यांवर ओवा टाकायचा, वर हात धरून बाळाचं पोट शेकायचं, मग बाळंतिणीची कंबर.

बारशाला मी गेले तेव्हा हे सगळं डोळ्यांनी बघितलं. मी काय केलं असेल? सुरक्षेच्या टेबलावरची बाई मी. मी शेगडीजवळ बसले, ओव्याचा वास छातीभर घेतला आणि म्हणाले, "वा मालतीताई, किती वर्षांनी हा वास आला. माझ्या बाळंतपणात माझ्या नशिबी नव्हतं हे." त्यांनी मलाही तळवे शेकायला लावले. घरात थंडी येते म्हणून कल्याणी कुरकुरत होती, तर दोन दिवसांनी मीच जाऊन खोलीच्या खिडकीला आणि बाल्कनीच्या दाराच्या काचांना फुग्याफुग्यांचं जाड प्लास्टिक लावून दिलं, फटींना पट्ट्या चिकटवल्या. ये-जा करायला दाराची एक बाजू तेवढी मोकळी ठेवली. भिंतीत हवा यायची गोल झडप असते, तीही बंद केली. ते काम मला फार सफाईनं यायचं.

त्या वर्षी पत्रक नव्यानं करायचं होतं आणि कामाला उशीर झाला होता. बारशानंतर आठवड्याभरात त्याची मीटिंग झाली. खोलीत सातो-सान, अग्निशमन दलातून आलेले एक गृहस्थ, चिनी आणि व्हिएतनामी पत्रकं करणाऱ्या दोघी आणि मी. सातो-साननी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला. तुमच्या देशातले लोक हिवाळ्यात घरात विस्तव लागेल असं काही करतात का? सण, पूजा, स्वयंपाक, औषध, काहीही. व्हिएतनामी बाईंनी उदबत्त्या आणि कागद जाळण्याबद्दल सविस्तर सांगितलं. अग्निशमनवाल्यांनी लिहून घेतलं, मध्येच जरासे हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले.

मग सातो-सान माझ्याकडे वळले. "अनघा-सान, भारतात?"

माझ्या डोळ्यांपुढे ती शेगडी आली. अगदी स्वच्छ आली. आणि तिच्यापाठोपाठ हेही आलं, की आता मी यांना काय सांगू? आमच्या शिकल्यासवरल्या बायका तान्ह्या पोराला निखाऱ्यांवर धरतात म्हणून? नवरा इथल्या प्रयोगशाळेत संशोधन करतो आणि घरात कोळसा पेटतो म्हणून? परदेशात आपण नुसती माणसं नसतो, सतत कुणाचे तरी प्रतिनिधी असतो. गेली कित्येक वर्षं मी त्या ऑफिसात 'तसली' नव्हते. हातानं जेवता का, हत्ती असतात का, असल्या प्रश्नांना हसून उत्तरं देऊन मी माझी जागा कमावली होती.

मी म्हणाले, "आमच्याकडे असं काही नसतं."

सातो-साननी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की. शहरातली माणसं आहेत सगळी."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी मूठ झाकली. पत्रक अकरा सूचनांचं झालं. रॉकेलच्या स्टोव्हची होती, गाडीची होती, उदबत्तीसुद्धा होती. माझ्या मराठी पत्रकाचं तर फार कौतुक झालं, भाषा किती सोपी म्हणून.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं. पहाटेपासून ओला, जड बर्फ आणि वारा. तारांवर बर्फ चढला आणि नऊच्या सुमारास आमच्या भागातली वीज गेली. बस बंद. निखिल आदल्या दिवसापासून प्रयोगासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेला, तिथेच अडकला. मी आणि सातो-सान ऑफिसात कोट घालून, समोरासमोर यादी घेऊन बसलो. माझ्याकडे बेचाळीस घरं होती.

कल्याणीकडे फोन लावला तेव्हा दहा वाजून गेले होते. मालतीताईंनी उचलला.

"ठीक आहात ना मालतीताई?"

"ठीक कसलं हो! लाइट नाही, पाणी तापत नाही. आज अंघोळ नाही पोरीला. नुसतं तेल चोळलंय, गार पडलीय बघा. आता शेकते जरा दोघींना, म्हणजे ऊब येईल अंगात."

माझा हात यादीवर थांबला. समोरून सातो-साननी मान वर केली. "काही अडचण?"

मला एवढंच विचारायचं होतं: शेगडी कुठे आहे? आणि मग ओरडून सांगायचं होतं, की ती उचला आणि बाहेर बर्फात टाका. पण ओरडले असते तर सातो-साननी काय झालं म्हणून विचारलं असतं. मग शेगडी म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं. आणि तीन आठवड्यांपूर्वी मी नक्की म्हणाले होते.

"मालतीताई, दार जरा उघडं ठेवा हं," मी म्हटलं. तोंडात साखर घालून म्हटलं.

"हो हो, ठेवते की. तुम्ही नका काळजी करू. तुम्ही खाल्लंत का काही?"

"हो, खाल्लं." फोन ठेवला. सातो-सानना म्हटलं, काही अडचण नाही. नावापुढे खूण केली आणि पुढचा नंबर लावला.

आता त्या खोलीत काय झालं ते, नंतर कल्याणीनं सांगितलं तसं सांगते. बाल्कनीचं दार मालतीताईंनी खरंच उघडून बघितलं. वाऱ्यासरशी बर्फ थेट आत, बाळाच्या दुपट्यावर आला. मग लावून घेतलं. एरवी घरातली हवा बाहेर ओढणारा एक पंखा चोवीस तास फिरत असतो, तो विजेवर चालतो, तो बंद. भिंतीतली झडप बंद, फटींना माझ्या पट्ट्या. त्यांच्या साताऱ्याच्या घरात कौलांतून धूर जायचा, त्यांच्या आईनं शेकलं, सासूनं शेकलं, कधी कुणाला काही झालं नव्हतं. त्यांना कळणार कसं? थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "डोकं जड झालंय गं, जरा पडते." कल्याणीला मळमळायला लागलं. बाळ किरकिर करत होतं म्हणून त्याला घेऊन ती स्वयंपाकघराकडे निघाली आणि बाहेरच्या दाराशी कोसळली.

साडेअकराच्या पुढे निखिलचा मला फोन आला. "मावशी, घरी कुणीच उचलत नाहीये. तीनदा केला. तुम्ही बघता का प्लीज?"

मी खुर्चीवरून उठले तेव्हाच मला माहीत होतं. सातो-साननी माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता किल्ल्यांचा जुडगा घेतला. पाच मिनिटांच्या वाटेला मांडीपर्यंतच्या बर्फातून वीस मिनिटं लागली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार उघडलं तर कल्याणी उंबऱ्याशी पालथी, बाळ शालीत तिच्या अंगाखाली, दाराच्या फटीपाशी. त्या फटीतून येणाऱ्या गार हवेनं ते वाचलं. रडत होतं, बारीक आवाजात. आत मालतीताई कॉटवर कुशीवर झोपल्यासारख्या. गाल गुलाबी, त्या वायूनं होतात तसे. खोलीत ओव्याचा वास होता.

सातो-सान दारं उघडायला धावले. बाल्कनीचं दार बाहेरून बर्फानं दाबलेलं, हलेना. ते खिडकीकडे वळले. माझं प्लास्टिक निघेना. इतकं पक्कं चिकटवलं होतं. ते नखांनी ओरबाडत होते आणि मी बाळ घेऊन जिन्यात उभी होते. अँब्युलन्स यायला तासाहून जास्त वेळ लागला. कल्याणी वाचली. मालतीताई गेल्या.

चौकशी झाली. पोलीस आले, अग्निशमनचे तेच गृहस्थ आले. या वेळी ते हसले नाहीत. रहिवाशांना पूर्वसूचना दिली होती का, या लोकांच्या चालीरीतींची चौकशी केली होती का, असं त्यांनी विचारलं. ते स्वतः त्या मीटिंगला होते. त्यांची नजर माझ्याकडे वळायच्या आत सातो-सान उभे राहिले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "मी विचारायला हवं होतं तसं विचारलं नाही. चूक माझी आहे." निखिल शेजारी बसला होता. त्याला तेवढं जपानी येत नव्हतं. ते वाक्य मराठीत करून त्याला मीच सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. भाषांतर चोख करायची मी.

हॉस्पिटलमध्ये कल्याणी माझा हात धरून म्हणाली, "मावशी, तुम्ही फोनवर आईला सांगितलं होतंत ना, दार उघडं ठेवा म्हणून? मी ऐकलं. मीच म्हटलं, आई, लाव ते दार, बाळावर बर्फ येतोय. तुम्ही सगळं केलंत हो. आमचीच चूक."

"असं म्हणू नकोस," मी म्हणाले. तिला वाटलं मी समजूत घालतेय. मला तेव्हा पुढचं वाक्य बोलता आलं असतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नर्सला बोलवायला गेले.

पुढच्या वसंतात सातो-सानची बदली झाली, कुठल्याशा गोदामाच्या देखरेखीवर. मला कायम केलं. आपल्याकडच्या मंडळींनी त्या वादळातल्या कामाबद्दल माझा शाल देऊन सत्कार केला आणि मी तो घेतला. नव्या पत्रकात मी अकरावी ओळ घातली, आधीची अकरावी बारावी झाली. वरातीमागून घोडं. निरोपाच्या दिवशी सातो-सान माझ्या टेबलापाशी आले. ते पत्रक त्यांच्या हातात होतं, शेगडी म्हणजे काय ते त्यांनी कुणाकडून तरी समजून घेतलेलं होतं. "ही ओळ चांगली आहे," एवढंच म्हणाले. त्यांनी मला कधी विचारलं नाही, तुम्हाला आधी माहीत होतं का म्हणून. त्यांना ते माहीत होतं. त्या दिवशी फोन ठेवून मी 'काही अडचण नाही' म्हणाले तेव्हाचा माझा चेहरा त्यांनी बघितला होता, आणि तास-सव्वा तासानं निखिलचा फोन आल्यावरचाही.

तेव्हा जी मुलं ग्रुपवर हसतात, त्यांच्यावर मी रागावत नाही. 'आता कोण करतं असलं काही', 'आमच्याकडे नसतं बाई हे', असं ती लिहितात. मी वाचते. त्यांच्याच शब्दांत मीही बोलले होते, फक्त जपानीत.

कल्याणी आता पुण्यात असते. मुलगी शाळेत जाते. दर जानेवारीत कल्याणी मला तिचा फोटो पाठवते, खाली लिहिते, 'मावशी, तुमच्यामुळे.' गेली कित्येक वर्षं मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवते आहे. हा दिवाळी अंक तिच्या घरी जातो, हे मला माहीत आहे. तिच्या आईच्या वेळेपासून जातो, मालतीताईंनीच मला एकदा सांगितलं होतं. म्हणून संपादकांना हो म्हटलं.

कल्याणी, दार लावायला तू सांगितलंस म्हणून तुझी आई गेली नाही. सातो-साननी मला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. मी नाही म्हणाले.